एलपीव्हीओ स्कोप घेताय? मोठा आकडा नंतर, आधी '१' बघा

बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा, घरात शिरताना कोणता स्कोप? रेड डॉट नाहीतर होलो. लांबच्या डोंगरावरचा माणूस टिपायला? ६× किंवा ८×. आणि ६× मिळाला की आपण तो ३× पर्यंत खाली आणून वापरतो. म्हणजे 'एकाच स्कोपमध्ये कमी-जास्त झूम' ही कल्पना आपल्या पिढीला नवीन नाही. मलाही नव्हती. म्हणूनच टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर विचारलं, "अरे, रायफलीसाठी एलपीव्हीओ घ्यायचाय, जरा स्पेक्स बघून सांग ना," तेव्हा मी एकदम तयारीत होतो.

मी काय केलं? जे फोन घेताना करतो तेच. एक्सेल शीट उघडली. कमाल झूम, वजन, भिंगाचा व्यास, वॉरंटी, किंमत असे कॉलम केले, प्रत्येकाला मार्क दिले, बेरीज केली. १ ते १०× झूमवाला स्कोप पहिला आला. दादाने तो घेतला. आणि माझ्या शीटमुळे त्याचे जवळजवळ दोन हजार डॉलर चुकीच्या जागी गेले.

स्कोप वाईट नव्हता. माझे कॉलम चुकीचे होते. दादाला नेम धरायचा होता मुख्यतः पाच ते पंचवीस मीटरवर, आणि मी मार्क देत होतो पाचशे मीटरच्या गोष्टींना. हा लेख त्या चुकलेल्या कॉलमांबद्दल आहे.

एलपीव्हीओ म्हणजे नेमकं काय?

लो पॉवर व्हेरिएबल ऑप्टिक. म्हणजे असा स्कोप ज्याचं झूम १× पासून सुरू होतं आणि ४, ६, ८ किंवा १०× पर्यंत जातं. १× म्हणजे शून्य झूम. साध्या डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच, फक्त मधोमध नेमाची खूण.

त्याच्यावर आकडे असे लिहिलेले असतात: १-६×२४. पहिले दोन आकडे झूमची रेंज, आणि शेवटचा २४ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. एलपीव्हीओत हा व्यास बहुतेक वेळा २४ असतो, कारण पुढचा भाग फुगीर न ठेवता सरळ ३० मिलिमीटरची नळी वापरलेली असते.

ही कल्पना सैन्यातून आलेली नाही. जर्मनीत हाकारे घालून रानडुकरं उठवतात तेव्हा जनावर जवळून आणि पळत जातं. आफ्रिकेत म्हैस अंगावर आली तर तीही जवळूनच येते. अशा शिकारीसाठी १-४×२४ सारखे छोटे स्कोप कधीपासून आहेत. पुढे अमेरिकेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तिन्ही शस्त्रं एकाच सामन्यात वापरायची '३-गन' स्पर्धा वाढली आणि एलपीव्हीओ तिथे रुळला. सैन्याचे मोठे करार त्यानंतरचे. अमेरिकन मरीन कोरने फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रिजिकॉनच्या १-८×२८ स्कोपचा करार केला, आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकन आर्मीने व्होर्टेक्सचा एक्सएम१५७ निवडला. तो १-८×३० आहे आणि त्यात अंतर मोजणारा लेझर आणि गणित करणारा कॉम्प्युटरही आहे. दहा वर्षांत कमाल अडीच लाख नग, असा तो करार आहे.

पण दादाला ना कॉम्प्युटर हवा होता ना करार. त्याला रविवारचा सामना नीट खेळायचा होता.

त्या रविवारी काय झालं

योगायोगाने ऑफिसच्या कामासाठी मला तीन आठवडे डॅलसला जावं लागलं. दादा तिथे अठरा वर्षं आहे, आता नागरिक आहे. मी व्हिसावर होतो, त्यामुळे रायफलीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडून. मी कानाला मफ लावून मागे उभा राहिलो.

एक फेरी अशी होती: आधी साधारण दीडशे मीटरवरच्या लोखंडी प्लेटा पाडायच्या, मग धावत पुढे जाऊन पाच ते पंधरा मीटरवरची कागदी टार्गेटं. दादाने प्लेटा ८× वर पाडल्या. झकास. टण् टण् आवाज आले, मला वाटलं माझी शीट जिंकली. मग तो धावत पुढच्या जागी आला, रायफल खांद्याला लावली आणि नुसता थांबला. एक सेकंद, दोन सेकंद. झूम ८× वरच राहिला होता. स्कोपमध्ये त्याला फक्त धूसर तपकिरी रंग दिसत होता.

त्याने घाईत रिंग फिरवून १× केलं. आता दुपारचं टेक्सासचं ऊन, आणि स्कोपमधली खूण गायब. म्हणजे होती, पण केसाएवढी बारीक, आणि तिचा लाल दिवा उन्हात दिसत नव्हता. कशीतरी टार्गेटं संपवली. शेवटच्या एका टार्गेटच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढरं 'नो-शूट' टार्गेट लावलेलं होतं, म्हणजे तिथे गोळी लागली की दंड. दादाने कडेच्या जरा वर नेम धरला. गोळी पांढऱ्यात.

गाडीत तो मला एवढंच म्हणाला, "तुझ्या एक्सेलमध्ये डोळ्याला किती मार्क होते रे?"

शून्य होते. संध्याकाळी आम्ही स्कोप रायफलीवरून काढून टेबलावर ठेवला आणि मी पहिल्यांदा स्पेक शीट नीट वाचली. त्या फेरीत जे जे चुकलं ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. एकेक करून बघू.

धूसर तपकिरी रंग: फील्ड ऑफ व्ह्यू

स्कोपमधून किती रुंद दृश्य दिसतं, ते म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू. अमेरिकन कंपन्या हे '१०० यार्डांवर इतके फूट' असं देतात. उदाहरण घेऊ. व्होर्टेक्सच्या रेझर जेन २-ई या १-६×२४ स्कोपचा आकडा १× ला ११५.२ फूट आणि ६× ला २०.५ फूट आहे. हे प्रमाण असल्यामुळे आपल्याला सोपं करून घेता येतं. १० मीटरवर १× ला साधारण ३.८ मीटर रुंद दिसेल, म्हणजे अख्खी खोली. ६× ला फक्त ६८ सेंटीमीटर.

आता दादाची गोष्ट. ८× ला, ८ मीटरवर, ढोबळ हिशेबाने ४० सेंटीमीटर दिसतात. आणि त्या सामन्यातलं कागदी टार्गेट साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतं! म्हणजे टार्गेटच्या कडाच दिसणार नाहीत. वरून बहुतेक एलपीव्हीओंचा फोकस १०० किंवा १५० यार्डांवर बसवलेला असतो, त्यामुळे एवढ्या जवळचं चित्र जास्त झूमला धूसरही होतं. फोनवर १०×ला समोरच्या माणसाचा फोटो काढून बघा, म्हणजे कळेल.

यावर उपाय दोन. पहिला, १× ला जास्तीत जास्त रुंद दिसणारा स्कोप. दुसरा, झूमच्या रिंगला लावायचा छोटा दांडा, ज्याला थ्रो लिव्हर म्हणतात. अंगठ्याने एका झटक्यात ८ वरून १ वर. काही स्कोपांबरोबर येतो, नाहीतर वेगळा मिळतो. स्वस्त वस्तू आहे, पण नसली की दादासारखं होतं.

'१' खरंच १ आहे का?

हा माझ्या शीटमधला सगळ्यात मोठा राहिलेला कॉलम.

जवळच्या अंतरावर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतात. उजवा डोळा स्कोपमधून बघतो, डावा बाहेरून, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक बसवतो. म्हणजे आपल्याला स्कोपची नळी जाणवतच नाही, हवेत तरंगणारी एक खूण दिसते. पण हे जमायला दोन्ही डोळ्यांना वस्तू सारख्याच आकाराची दिसली पाहिजे. स्कोप १ च्या जागी १.१ असेल तर एका डोळ्यात दार थोडं मोठं, दुसऱ्यात लहान. मेंदू गोंधळतो, आणि आपण नकळत एक डोळा मिटतो. मिटला की बाजूचं दिसणं गेलं.

तसंच चित्राच्या कडा. काही स्कोपांत १× ला कडेच्या सरळ रेषा वाकतात. स्कोप हळूच डावीकडून उजवीकडे फिरवला की दृश्य माशांच्या काचेच्या भांड्यातून बघितल्यासारखं हलतं. स्पेक शीटमध्ये हे कधीच लिहिलेलं नसतं.

तपासायला रायफल लागत नाही. सुटा स्कोप हातात घ्या, १× वर ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दाराच्या चौकटीकडे किंवा विजेच्या खांबाकडे बघा. खांब स्कोपच्या आत आणि बाहेर एकाच रेषेत, एकाच जाडीचा दिसतो का? आत शिरताना मोडल्यासारखा दिसला तर आधी मागच्या भिंगाची रिंग, म्हणजे डायॉप्टर, तुमच्या नंबरप्रमाणे थोडी फिरवून बघा. चष्मेवाल्यांनी हे आवर्जून करावं. तरीही मोडलेलाच दिसला तर तो स्कोप जवळच्या कामाचा नाही. आणि हो, स्कोपमधून सूर्याकडे कधीही बघू नका. डोळा जाईल.

डोळ्याची जागा: एक्झिट प्यूपिल आणि आयबॉक्स

गेममध्ये एक फसवणूक असते, जी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. गेममधला डोळा कायम स्कोपच्या बरोब्बर मधोमध चिकटवलेला असतो. खऱ्या स्कोपमध्ये डोळा जरा सरकला की चित्राच्या कडेने काळी सावली येते, आणखी सरकला की सगळंच काळं. डोळा जेवढ्या जागेत हलला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्या जागेला आयबॉक्स म्हणतात. तुम्ही धावून आलात, गुडघ्यावर बसून वाकडी मान करून बघताय, अशा वेळी आयबॉक्स मोठा असणं म्हणजे सगळं काही.

यातली एक मोजता येणारी गोष्ट म्हणजे एक्झिट प्यूपिल. मागच्या भिंगातून बाहेर येणाऱ्या उजेडाच्या गोळ्याचा व्यास. हिशेब सोपा: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम. २४ मिलिमीटरच्या भिंगाला ६× वर ४ मिलिमीटर, ८× वर ३, आणि १०× वर फक्त २.४. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते, अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत मोठी होते. म्हणजे १०× ला उजेडाचा गोळा आणि बाहुली जवळपास एकाच मापाचे. सुईत दोरा ओवण्यासारखं काम. संध्याकाळी तर चित्र अंधारंच वाटणार.

१× ला या सूत्राने २४ यायला हवेत, पण प्रत्यक्षात आतल्या भिंगांमुळे बनावटीनुसार साधारण ८ ते १२ मिलिमीटर मिळतात. इथे फरक पडतो. १ ते १०, म्हणजे दहापट रेंज एवढ्याशा नळीत बसवायची तर कुठेतरी तडजोड होणार, आणि ती बहुतेकदा आयबॉक्समध्ये आणि कडांमध्ये दिसते. म्हणून त्याच किमतीतला १-६ हा १-१० पेक्षा १× ला डोळ्याला सोपा असण्याची शक्यता जास्त. महागात महाग स्कोप ही तडजोड कमी करतात, पूर्ण संपवत नाहीत.

डोळा आणि भिंग यांच्यातलं अंतर म्हणजे आय रिलीफ. साधारण ९ ते १० सेंटीमीटर असतं. जोरात धक्का देणाऱ्या रायफलीवर ते कमी असेल तर भुवईला टाके पडतात, हे लक्षात ठेवा.

उन्हात गायब झालेली खूण: रेटिकल

स्कोपमधल्या नेमाच्या खुणेला रेटिकल म्हणतात. ती दोनपैकी एका जागी बसवतात.

फर्स्ट फोकल प्लेनमध्ये असेल तर झूमबरोबर खूणही लहान-मोठी होते. फायदा असा की त्यावरच्या मापाच्या रेघा कोणत्याही झूमला खऱ्या राहतात. तोटा असा की १× ला सगळी खूण आक्रसून केसाएवढी होते. दादाच्या स्कोपमध्ये हीच होती.

सेकंड फोकल प्लेनमध्ये खूण कायम एकाच आकाराची दिसते. १× ला ठळक, ६× ला तेवढीच. तोटा: मापाच्या रेघा फक्त एकाच झूमला, बहुतेकदा कमाल झूमला, बरोबर असतात. ६× ला ४ मिल दाखवणारी रेघ ३× ला ८ मिलची होते. लांबवर झूम कमी करून मोजायला गेलात तर चुकणार. पण वीस मीटरवर कोण मापं घेतंय?

जवळच्या कामाला माझं मत आता स्पष्ट आहे: १-४ आणि १-६ मध्ये सेकंड फोकल प्लेन. १-८ किंवा १-१० घेऊन लांबवरही खरंच मापं घ्यायची असतील तरच फर्स्ट, आणि तेव्हा १× ला डोळ्यात भरेल असं जाड वर्तुळ त्या रेटिकलमध्ये आहे ना, ते बघून.

मग दिवा. 'इल्युमिनेटेड रेटिकल' बहुतेक सगळ्या जाहिरातींत लिहिलेलं असतं, पण खूण उजळणं आणि भर दुपारी उजळलेली दिसणं यात फोनच्या स्क्रीनसारखाच फरक आहे. घरात सगळे फोन चकाचक दिसतात, उन्हात कळतं कुणाचा काय दर्जा आहे. शोधायचा शब्द 'डेलाइट ब्राइट'. आणि तो नुसता वाचून विश्वास ठेवायचा नाही. दुकानाबाहेर उन्हात येऊन पांढऱ्या भिंतीवर खूण धरून बघायची. लाल ठिपका पटकन दिसला पाहिजे, शोधावा लागला तर नापास. शिवाय सेल संपला तरी काळी खूण दिसत राहते, हा एलपीव्हीओचा रेड डॉटपेक्षा मोठा फायदा. पण त्यासाठी काळी खूण १× ला दिसेल इतकी जाड हवी ना!

पांढऱ्यात गेलेली गोळी: यात स्कोपचा दोष नव्हता

स्कोप नळीच्या वर बसतो. एआर-१५ प्रकारच्या रायफलीवर स्कोपचा मध्य आणि नळीचा मध्य यांच्यात साधारण ६.६ सेंटीमीटरचं अंतर असतं. नजर वरून जाते, गोळी खालून. दोन्ही कुठे भेटतात ते आपण ठरवतो, त्याला झीरो करणं म्हणतात. समजा ५० मीटरला झीरो केलं. तर २५ मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे ३ सेंटीमीटर खाली लागेल, आणि ७ मीटरवर सुमारे साडेपाच सेंटीमीटर खाली. दादाने कडेच्या दोन-तीन सेंटीमीटर वर नेम धरला होता. गोळी पांढऱ्यात जाणारच होती.

हा दोष कोणताही महाग स्कोप घालवू शकत नाही. उलट मान सरळ राहावी म्हणून उंच माउंट लावला तर फरक वाढतो. एकच उपाय, आपल्या रायफलीवर ३, ७, १५ आणि २५ मीटरवर कागदावर गोळ्या मारून फरक लिहून ठेवायचा आणि तेवढा नेम वर धरायचा. यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. स्कोपमधून भिंतीच्या किंवा पिंपाच्या वरचं स्वच्छ दिसत असतं, पण नळी अजून त्या आडोशाच्या मागे असू शकते. दिसतं ते आणि गोळीची वाट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या तुलनेत जवळच्या अंतरावर पॅरलॅक्सची फार चिंता नको. डोळा मधून सरकला की खूण टार्गेटवर सरकल्यासारखी दिसते, तो पॅरलॅक्स. पण १०० मीटरला बसवलेल्या २४ मिलिमीटर भिंगाच्या स्कोपमध्ये १० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त एखाद सेंटीमीटरची. फोरमवीर यावर तासन् तास भांडतात आणि साडेपाच सेंटीमीटरवाला मुद्दा विसरतात.

मग सरळ रेड डॉटच का नको?

प्रामाणिक उत्तर: पन्नास मीटरच्या आतच काम असेल तर रेड डॉटच घ्या. हलका, आयबॉक्सची कटकट नाही, सेल महिनोन् महिने चालतो. वर सांगितलेला रेझर ६०९ ग्रॅमचा आहे, त्यात माउंटचे दीड-दोनशे ग्रॅम धरा. म्हणजे रायफलीवर पाऊण-एक किलो. त्याच्या पुढे छोटा रेड डॉट म्हणजे काहीच नाही.

एलपीव्हीओचा अर्थ तेव्हाच, जेव्हा त्याच रायफलीने जवळही मारायचंय आणि शंभर-दोनशे मीटरवर नुसतं मारायचं नाही तर आधी नीट ओळखायचंय, की समोर नेमकं काय आहे. शिकाऱ्याला हे ओळखणं नेमापेक्षा महत्त्वाचं असतं.

तिसरा पर्यायही असतो: जास्त झूमचा स्कोप आणि ४५ अंशात तिरका लावलेला छोटा रेड डॉट. गेममधला कँटेड साइट तोच. पण बऱ्याच ३-गन सामन्यांत दुसरी दुर्बीण लावली की तुम्ही ओपन गटात जाता, जिथे सगळे पैलवान उभे असतात. आपल्या सामन्याचे नियम आधी वाचा.

आता माझी शीट कशी दिसते

जवळच्या वापरासाठी, महत्त्वाच्या क्रमाने:

- १× खरा आहे का, कडा वाकतात का. हातात घेऊन बघायचं.
- भर उन्हात ठिपका दिसतो का.
- मान थोडी हलवली तरी चित्र टिकतं का.
- १× चं फील्ड ऑफ व्ह्यू: १०० यार्डांवर ११० फूट किंवा जास्त असेल तर छान.
- सेल काढल्यावर काळी खूण दिसते का.
- वजन, माउंटसकट. माउंटचे पैसेही बजेटमध्ये आधीच धरायचे.
- रिंग सहज फिरते का, लिव्हर आहे का.
- आणि सगळ्यात शेवटी, कमाल झूम.

आपल्याकडच्या वाचकांसाठी तीन गोष्टी

एक. भारतात रायफलीला शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना लागतो. आणि अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर "येताना बॅगेत एक स्कोप टाक ना" असं चुकूनही म्हणू नका. तिथल्या निर्यात नियमांत रायफलीचे स्कोप नियंत्रित वस्तू आहेत, बाहेर नेताना परवाना लागू शकतो. इथे कस्टम्सचा प्रश्न वेगळाच.

दोन. एअर रायफलीवर हे स्कोप लावायचा मोह होतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडे बसतो, आणि त्याने साधे चांगले स्कोपही खिळखिळे होतात. त्यासाठी एअरगनचा म्हणून बनवलेला आणि जवळच्या अंतरावर पॅरलॅक्स लावता येणारा स्कोपच घ्यायचा.

तीन. झूम म्हणजे नेम नव्हे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो आणि रायफलीवर मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला परवानगीच नसते. भोकातून बघायचं, श्वास धरायचा, बस्स.

दादाने तो १-१० सेकंडहँड विकला, नुकसान सोसून. आता त्याच्याकडे १-६ आहे, सेकंड फोकल प्लेनचा. परवा त्याने सामन्याचा व्हिडिओ पाठवला. प्लेटा पाडून झाल्यावर धावता धावता त्याचा डावा हात आपोआप लिव्हरकडे गेला आणि झूम १ वर आला. मी लगेच विचारलं, नंबर कितवा आला? तर म्हणाला, "नंबर सोड, नो-शूट एकही नाही."